निशाणकाठी उतरण्यापूर्वी

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करावयाचा आणि मग होड्या पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, हा आपल्या कोकणपट्टीचा शेकडो वर्षांचा शिरस्ता आहे. ज्येष्ठात नैर्ऋत्येकडून वारा घोंघावू लागला की गलबते वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात आणि श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास त्या वाऱ्याचा जोर मोडला की ती पुन्हा दर्यात उतरवितात. मालवणच्या किंवा हर्णैच्या माणसाला समुद्र केव्हा बंद होतो आणि केव्हा उघडतो हे मुद्दाम शिकवावे लागत नाही. परंतु हाच माणूस शिडांच्या काळात पूर्व किनाऱ्यावर, चोळमंडलावर जाऊन राहिला असता तर त्याचे सारे गणित उलटे झाले असते. तेथे आषाढ-श्रावणात वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि नांगरलेल्या जहाजाला किनाऱ्यापासून दूरच ढकलतो. उलट दसरा-दिवाळीच्या सुमारास, जेव्हा कोकणचा नाखवा निर्धास्तपणे शीड फुगवून चाललेला असतो, तेव्हा तेथे वारा ईशान्येकडून फिरतो, बंगालच्या उपसागरात तुफाने उठू लागतात आणि समुद्र बंद होतो.

या उलट्या पंचांगाशी ज्या शहराची गाठ सर्वांत घट्ट पडली ते मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई. तेथून दूरच्या सफरीला निघणे म्हणजे काय होते आणि निघण्याचा दिवस चुकला म्हणजे काय होत असे, ते आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे.

१६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस डे याने येथे जागा मिळविली ती कापडासाठी. आसपासच्या विणकरांकडून छिटे आणि साधे सुती कापड स्वस्त मिळत होते, आणि व्यापाऱ्याच्या दृष्टीला तेवढे पुरेसे होते. दर्यावर्दीच्या दृष्टीने मात्र याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. ना खाडी, ना भूशिर, ना आडोशाचे बेट. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सरळ आखलेल्या रेघेसारखा वाळूचा किनारा आणि त्यावर बारमाही फुटणाऱ्या लाटा. मुंबईच्या बंदरात शे-दोनशे गलबते वाऱ्याकडे पाठ करून सुखाने पडून राहत. मद्रासला मोठी जहाजे किनाऱ्यापासून मैल-दोन मैलांवर, उघड्या समुद्रात, केवळ नांगराच्या दोरावर भरवसा ठेवून उभी असत. अशा ठिकाणी साम्राज्याची एक राजधानी उभी राहावी हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल.

त्यामुळे येथील प्रत्येक सफरीचा आरंभ जहाजावर होत नसे, तो वाळूवर होई. प्रवाशाला आणि त्याच्या पेट्यांना लाटांच्या रांगा ओलांडून जहाजापर्यंत न्यावयाचे काम मसुला नावाच्या होड्या करीत. ही होडी पाहून युरोपीय सुतार थक्क होत, कारण तिच्यात खिळा म्हणून नसे. तीस-पस्तीस फूट लांबीची, खोल पोटाची ही होडी पातळ फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून केलेली असे, आणि सांध्यांत गवत दाबून बसविलेले असे. आत आडव्या-उभ्या फासळ्यांचा सांगाडाही नसे. विलायतेची खिळेबंद मजबूत होडी या लाटेत सापडली तर तळ आपटून तिच्या चिरफळ्या होत. मसुला मात्र लाटेच्या धक्क्याबरोबर लवत असे, आणि लवत असल्यामुळेच टिकत असे. आठ-दहा वल्हेकरी आणि मागे लांब वल्हे घेऊन उभा असलेला तांडेल, एवढा तिचा सरंजाम. तांडेल लाटा मोजीत थांबे, एक मोठी लाट फुटून गेली की ओरडून इशारा देई, आणि दुसरी येण्यापूर्वी सारे जण जीव तोडून वल्ही मारीत. बाजूने काटमराने चालत. कट्टुमरम् या तमिळ शब्दाचा अर्थच ‘बांधलेले लाकूड’. चार-पाच ओंडके एकत्र बांधले की काटमरान झाले. त्याला बुडावयास पोटच नाही. मसुला उलटली तर बुडणाऱ्यांना उचलून घेण्यासाठी हे लोक जवळ असत, आणि तुफानात जेव्हा एकही होडी पाण्यात जाऊ शकत नसे तेव्हा जहाजांची पत्रे ताडपत्राच्या टोकदार टोपीत खोचून तेच पोहोचवीत. बुडत्यांचे प्राण वाचविल्याबद्दल यांतील काहींना कंपनीने पदके दिली.

आता जहाजाकडे येऊ. इंग्लंडची वाट धरावयाची तर केप ऑफ गुड होपला वळसा घालून पाच-सहा महिन्यांचा प्रवास. म्हणून कंपनीची मोठी जहाजे शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत निघत. तोवर उपसागरातील तुफाने ओसरलेली असत, ईशान्येचा वारा स्थिर होऊन पाठीशी लागलेला असे, आणि दक्षिण गोलार्धातील हिवाळा सुरू होण्यापूर्वी केप ओलांडता येई. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा मिळाला तर नांगर उचलणे सोपे जाई. १७९२ साली मद्रासला वेधशाळा उभी राहिली ती ज्योतिष, भूगोल आणि नौकानयन या तिन्हींच्या उपयोगासाठी. दर्यावर आपण पूर्वेस किती आणि पश्चिमेस किती आहोत हे कळावयास घड्याळ बिनचूक लागते, आणि ते जुळवून घ्यावयास ज्याचे रेखांश पक्के ठाऊक आहेत असे ठिकाण लागते.

हे सारे सुरळीत चालले तर. अडचण उभी राही ती ऑक्टोबरात. शिडाचे जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. त्याला तिरके, नागमोडी जावे लागते, आणि त्यासाठी मोकळे पाणी लागते. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे जोराने वाहू लागला म्हणजे नांगरावर उभ्या असलेल्या जहाजाच्या पाठीशी दीड मैलावर वाळू आणि फुटत्या लाटा. दोर तुटला की संपले. अशा वेळी जहाज वाचविण्याचा एकच मार्ग: तुफान अंगावर येण्यापूर्वी, नांगर उचलावयास वेळ नसेल तर दोर तोडून, खोल समुद्रात निघून जाणे. ज्याला आपण सुरक्षितता म्हणतो ती येथे किनाऱ्यापासून दूर होती. या अनुभवातून एक नियम ठरला. १५ ऑक्टोबरला सेंट जॉर्ज किल्ल्यावरची निशाणकाठी उतरवीत आणि १५ डिसेंबरपर्यंत ती पुन्हा उभारीत नसत. त्या दोन महिन्यांत जे जहाज मद्रासच्या पाण्यात किंवा चोळमंडलाच्या किनाऱ्याजवळ उथळ समुद्रात येईल त्याचा विमा रद्द. राजाची लढाऊ जहाजे तेवढी याला अपवाद. काठी उतरली म्हणजे शहराने समुद्राला सांगितले की, आता येथे कोणी नाही.

तारीख अशी ठरलेली होती. तरीही ज्यांना ती पाळता आली नाही त्यांची हकीकत अधिक बोलकी आहे, आणि त्यांत पहिला मान ला बूर्दोने या फ्रेंच सरदाराचा.

बेर्त्रां-फ्रांस्वा माए द ला बूर्दोने हा सेंट मालोचा, म्हणजे खलाशांच्याच गावचा. १७३५ पासून तो मॉरिशसचा गव्हर्नर होता. त्या बेटाला तेव्हा ईल द फ्रांस म्हणत. युरोपात इंग्रज-फ्रेंचांचे युद्ध पेटल्यावर याने जवळजवळ स्वतःच्या हिमतीवर आरमार उभे केले. व्यापारी जहाजांवर तोफा चढविल्या, बेटावरच्या माणसांना कवायत शिकविली. १७४६ च्या आरंभी मादागास्करजवळ तुफानाने या आरमाराची दाणादाण उडविली, तेव्हा त्याने तेथील आंतोंजिल उपसागराच्या काठी जंगलातील झाडे तोडून नव्या डोलकाठ्या केल्या, दलदलीतून त्या ओढून आणल्या आणि पुन्हा शिडे उभारली. जुलैत नागपट्टणसमोर इंग्रजांच्या पेटनशी त्याची झुंज झाली. ती अनिर्णित राहिली, पण पेटन मागे हटला आणि समुद्र मोकळा झाला. सप्टेंबरात ला बूर्दोने मद्राससमोर आला आणि २१ सप्टेंबर १७४६ रोजी किल्ला त्याच्या हाती आला. वादळ म्हणजे काय, हे ज्याला कोणी सांगावयास नको होते, असा हा मनुष्य.

किल्ला मिळाला आणि भांडण सुरू झाले. अकरा लक्ष होन खंडणी घेऊन शहर इंग्रजांना परत द्यावे असा करार ला बूर्दोनेने गव्हर्नर मोर्सशी ठरविला. पाँडिचेरीचा गव्हर्नर द्यूप्ले याला ते मुळीच मान्य नव्हते. शहर ठेवावयाचे, किंवा कर्नाटकच्या नबाबाला दिलेल्या शब्दाचे पाहावयाचे, पण इंग्रजांना ते विकावयाचे नाही, हा त्याचा हट्ट. पाँडिचेरी ते मद्रास पत्रे धावू लागली. एकाने अधिकार सांगावा, दुसऱ्याने आपण दिलेला शब्द सांगावा. ला बूर्दोनेला मुदत ठाऊक होती. ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी आपल्याला हा किनारा सोडलाच पाहिजे असे तो स्वतःच बजावीत होता. पण लूट जहाजांवर चढत होती, करारावर द्यूप्लेची संमती यावयाची होती, आणि एकेक दिवस जात होता. किल्ला पडल्यापासून बावीस दिवस असे गेले.

१३ ऑक्टोबरचा दिवस विलक्षण शांत होता. इंग्रजांच्या लेखी त्या दिवशी २ ऑक्टोबर होता, कारण त्यांनी अद्याप जुनेच पंचांग धरले होते आणि दोन्ही कालगणनांत अकरा दिवसांचे अंतर होते. एकाच रात्रीला दोन राष्ट्रांच्या दोन तारखा. वाऱ्याने दोन्हींकडे पाहिले नाही. अमावास्या जवळ आलेली, त्यामुळे काळोख दाट. मध्यरात्रीच्या सुमारास तुफान सुटले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने उसंत घेतली नाही. ला बूर्दोने स्वतः किनाऱ्यावर होता. पहाट झाली तेव्हा नांगरलेल्या फ्रेंच जहाजांपैकी एकही दृष्टीस पडेना. काही दोर तोडून खोल समुद्रात गेली होती आणि डोलकाठ्या गमावून पुढे कशीबशी परतली; तीन जहाजे बाराशेच्या आसपास माणसांसह रसातळास गेली. त्यांत ‘द्यूक दॉर्लेआँ’ हे मोठे जहाजही होते. इतर देशांची वीसेक गलबते याखेरीज किनाऱ्यावर फुटली.

आदल्या दिवशीपर्यंत पूर्व समुद्रात फ्रेंचांना तोंड देणारे आरमार नव्हते. दुसऱ्या दिवशी ला बूर्दोनेजवळ मोडक्या डोलकाठ्या आणि सही व्हावयाचा कागद एवढेच उरले. त्याने तात्पुरत्या काठ्या उभारल्या, करारावर सह्या केल्या आणि ऑक्टोबर संपण्यापूर्वी मद्रास सोडले, ते कायमचे. मागे द्यूप्लेने करार फेटाळला. मद्रास फ्रेंचांकडेच राहिले, पण समुद्रावर जोर नसल्यामुळे कडलूरजवळचा इंग्रजांचा सेंट डेव्हिड किल्ला त्यांना घेता आला नाही. मद्रासमधून वेषांतर करून पळालेला क्लाइव्ह नावाचा एक तरुण कारकून त्याच किल्ल्यात पोहोचला होता. १७४८ च्या तहाने मद्रास इंग्रजांना परत मिळाले आणि १७४९ त त्यांचे निशाण तेथे पुन्हा चढले. ला बूर्दोनेला युरोपकडे जाताना इंग्रजांनी पकडले, मग फ्रान्समध्ये त्याच्याच सरकारने बॅस्तीलच्या तुरुंगात टाकले. तेथे शाई-कागद न मिळाल्यामुळे त्याने रुमाल भाताच्या पेजेत बुडवून कडक केले आणि काजळी व कॉफी यांच्या शाईने त्यांवर आपली बाजू लिहून काढली, असे सांगतात. १७५१ साली तो निर्दोष सुटला आणि दोनच वर्षांनी मरण पावला.

इतिहासकार या प्रकरणी द्यूप्ले खरा की ला बूर्दोने खरा यावर पुष्कळ भांडले आहेत. मला तो वाद दुय्यम वाटतो. खंडणीचा करार पाँडिचेरीत बसूनही पुरा करता आला असता. जहाजे मात्र पाँडिचेरीत बसून वाचविता येत नव्हती. द्यूप्लेला समुद्र कळत नव्हता असे म्हणून त्याला सोडून देता येईल. ज्याने आंतोंजिलच्या जंगलात डोलकाठ्या तोडल्या त्याला ती सवलत देता येत नाही.

छत्तीस वर्षांनी हाच प्रश्न इंग्रजांपुढे आला, आणि या वेळी आरमाराच्या मुख्याने उलट निर्णय घेतला. १७८२ सालची गोष्ट. हैदरअलीच्या फौजांनी कर्नाटक जाळून काढला होता. खेड्यापाड्यांतून पळालेली माणसे मद्रासच्या तटाआड कोंडली होती आणि धान्य केवळ समुद्रावरून, उत्तर सरकारातून व बंगालकडून येत होते. ऑगस्टअखेर फ्रेंच सेनापती सुफ्रेन याने त्रिंकोमाली जिंकले. चोळमंडलाच्या जवळ आडोशाचे असे तेच एक बंदर, आणि तेही गेले. तेव्हा ॲडमिरल ह्यूजने मुंबईला जावयाचे ठरविले. गव्हर्नर मॅकार्टनीने त्याला राहण्याविषयी परोपरीने विनविले. आरमार गेले तर शहराचे रक्षण कोण करील, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. ह्यूज बधला नाही. १५ ऑक्टोबरला तो निघाला, म्हणजे मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, आणि तुफानाने त्याला तेथेच गाठले. पण तो खोल पाण्यात होता. त्याची जहाजे पांगली, डोलकाठ्या मोडल्या. तरी डिसेंबरात तो मुंबईस पोहोचला आणि तेथील गोदीत आरमाराची डागडुजी झाली. त्याच वर्षी सालबाईचा तह होऊन मराठ्यांशी इंग्रजांचे युद्ध थांबले होते, त्यामुळे मुंबईला त्या वर्षी उसंत होती. सुफ्रेननेही त्याच सुमारास कडलूर सोडून सुमात्राची वाट धरली. दोन शत्रू एकाच वाऱ्याला भिऊन एकाच वेळी किनारा सोडून गेले.

राहिली ती तांदळाने भरलेली लहान गलबते, शंभराच्या आसपास. त्यांना मुंबईला जाता येत नव्हते आणि सुमात्रालाही. माल उतरेपर्यंत थांबणे हाच त्यांचा धंदा होता. त्या तुफानात ती किनाऱ्यावर आपटून फुटली आणि उपाशी शहरासमोर तांदूळ लाटांत गेला. त्यानंतरच्या महिन्यांत दुष्काळाने मद्रासच्या रस्त्यांत माणसे मेली. त्या वर्षी गरिबांना पेज वाटण्यासाठी जे केंद्र निघाले त्यातूनच पुढे मणेगार चावडी आणि तिच्याजवळचे रुग्णालय वाढले. आजच्या स्टॅन्ली रुग्णालयाला जुन्या वस्तीतील लोक ‘कंजी तोट्टी’, म्हणजे पेजेची कुंडी, या नावाने ओळखत आले ते त्यामुळे. ह्यूजचा निर्णय मला बरोबर वाटतो. तो राहता तर तांदूळही गेला असता आणि आरमारही. परंतु बरोबर निर्णयाची किंमत कोणी दिली हेही लिहून ठेवले पाहिजे, आणि त्या गलबतांच्या तांडेलांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

एकोणिसाव्या शतकात या वाळूवरून एक निराळीच वर्दळ सुरू झाली. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी झाली, आणि मद्रासहून करारबद्ध मजुरांची जहाजे मॉरिशसकडे निघू लागली. मध्ये काही वर्षे ही वाहतूक बंद ठेवावी लागली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा चालू झाली. महाराष्ट्रातून मॉरिशसला जे गेले, आणि ज्यांच्या वंशजांत मराठी भाषा व गणेशोत्सव आजही टिकून आहे, ते मुंबईहून निघाले. धक्क्यावरून होडीत आणि होडीतून जहाजात, असा त्यांचा आरंभ निदान स्थिर पाण्यात झाला. तमिळ, तेलुगू मजुराला मात्र आधी मसुलेत बसावे लागे. त्यांतले पुष्कळ अंतर्भागातील शेतकरी. बायका-मुले होडीच्या तळाशी धरून बसलेली, लाट डोक्याइतकी उंच, आणि मागे वळून पाहावे तर किनारा पाण्याच्या भिंतीआड गेलेला; महिनाभराच्या समुद्रप्रवासाची ही प्रस्तावना. ‘ट्रूरो’ जहाज ३४२ हिंदी माणसे घेऊन मद्रासहून निघाले आणि १६ नोव्हेंबर १८६० रोजी दरबानला पोहोचले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी समाजाचा इतिहास त्या दिवसापासून मोजतात. ते मद्रासहून निघाले होते ऑक्टोबरच्या मध्यास, निशाणकाठी उतरण्याच्या त्याच दिवसांत.

पुढे लोखंडी खांबांचा धक्का समुद्रात गेला, आगबोटी आल्या. १८७५ नंतर दोन दगडी बाहू समुद्रात घालून बंदर बांधण्यास आरंभ झाला. काम पुरे होत आले असता नोव्हेंबर १८८१ च्या तुफानाने ते बाहू फोडून टाकले, आणि बांधणारांना जवळजवळ नव्याने सुरुवात करावी लागली. बंदराचे तोंडही आधी पूर्वेकडे ठेवले होते; लाटा सरळ आत येत आणि वाळू साचे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सिस स्प्रिंग या अभियंत्याने ते तोंड बंद करून ईशान्येस नवे काढविले. या दगडी बाहूंनी दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू अडविली, आणि पूर्वी किल्ल्याच्या अगदी जवळ येणारा समुद्र वर्षानुवर्षे मागे सरकत गेला. चेन्नईला जाणारे आपले प्रवासी संध्याकाळी मरीनाच्या ज्या रुंद वाळूत चणे-दाणे खात फिरतात तिच्यातील बरीचशी बंदर झाल्यानंतर साचलेली आहे. ला बूर्दोनेच्या काळी तेथे लाटा फुटत होत्या.